‘मॉडेलमधला सूर्य गोठवलेला असतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हवामान मॉडेलवाले सूर्याचा एकच आकडा कायमचा धरून चालतात, सौरडागांचं ११ वर्षांचं चक्र बघतच नाहीत आणि मग सगळं खापर कार्बन डायऑक्साइडवर फोडतात. मला हे पटत नाही, का ते सांगतो.

सूर्य स्थिर ठेवलेला एक रन (म्हणजे मॉडेल एकदा संगणकावर चालवणं) असतो, हे खरंय. त्याला कंट्रोल रन म्हणतात, त्यात १८५० सालचं वातावरण धरून सूर्यही मुद्दाम १८५० ते १८७३ च्या सरासरीवर ठेवतात, कारण बाहेरून काहीच बदललं नाही तर मॉडेल आपलं आपण किती वरखाली होतं ते आधी बघावं लागतं. पण १८५० पासूनचा जो ऐतिहासिक रन असतो त्यात सूर्य बदलता असतो! सीएमआयपी-६ या, जगभरच्या हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पासाठी जो सौर डेटा तयार केला त्यात रोजचे आकडे आहेत, तेही नुसत्या एकूण ऊर्जेचे नाहीत तर तरंगलांबीनुसार वेगवेगळे, शिवाय सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांचाही हिशोब आहे.

तरंगलांबीनुसार कशाला? तर एकूण ऊर्जा चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट, आणि चक्राच्या शिखरात नि तळात फरक जेमतेम १ वॅटचा, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास. पृथ्वी गोल आहे म्हणून त्याला ४ ने भागा, त्यातलं ३० टक्के परत अवकाशात जातं ते वजा करा, हातात ०.१७-०.१८ वॅट उरतात. पण २०० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश मात्र त्याच चक्रात कित्येक टक्क्यांनी बदलतो, तो वर ओझोनच्या थरात शोषला जातो, स्ट्रॅटोस्फिअर (ओझोन असलेला वातावरणाचा वरचा थर) तापतं, तिथले वारे बदलतात आणि त्याचा परिणाम हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या हवामानापर्यंत पोचू शकतो. इथे मॉडेलं खरोखर कमी पडतात. ओझोनचं रसायन सगळी मॉडेलं स्वतः सोडवत नाहीत, बऱ्याच मॉडेलांना तयार ओझोनचा डेटा द्यावा लागतो, काहींचं वरचं टोक स्ट्रॅटोस्फिअर नीट मावेल इतकं उंच नसतं. तुमची टीका यावर असती तर मी लगेच मान डोलावली असती. म्हणूनच आदित्य-एल१ या भारताच्या सौरयानावरची, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली ‘सूट’ ही दुर्बीण मला फार महत्त्वाची वाटते, ती नेमका २०० ते ४०० नॅनोमीटरचाच पट्टा बघते.

आता खापराचं. सूर्यामुळे तापत असतं तर स्ट्रॅटोस्फिअरही तापायला हवं होतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि स्ट्रॅटोस्फिअर थंड होतंय, ही हरितगृह वायूंची (आणि वर ओझोन कमी झाल्याची) खूण आहे, सूर्याची नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालात १७५० ते २०१९ या काळात पृथ्वीच्या ऊर्जेच्या ताळेबंदात पडलेल्या फरकात सूर्याचा वाटा चौरस मीटरला उणे ०.०२ वॅट धरलाय, मागेपुढे थोडी अनिश्चितता आहे, पण एकट्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा आहे २.१६. मॉडेलला फक्त सूर्य नि ज्वालामुखी दिले, बाकी सगळं काढून घेतलं, असेही रन करतात, त्यातून गेल्या ५० वर्षांची तापमानवाढ निघतच नाही.

तुम्ही १६४५ ते १७१५ च्या माउंडर मिनिममचं, म्हणजे सौरडाग जवळजवळ दिसेनासे झालेल्या काळाचं उदाहरण दिलंय. तसा शांत सूर्य या शतकात पुन्हा आला तर काय होईल तेही मॉडेलमध्ये घालून बघितलंय, २१०० पर्यंतची वाढ फार तर ०.३ अंशाने कमी होते. ०.३ अंश म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याने दिशा बदलत नाही.

आणि तुम्ही जोडलेला आलेख १९८० ला संपतो. पुढची वर्षं जोडून बघा. सॅटेलाइटवरून सूर्याची सलग मोजणी १९७८ पासून आहे, त्यात चढ नाहीच, उलट किंचित उतार आहे. २०१४ मध्ये शिखर गाठलेलं २४वं चक्र शंभरेक वर्षांतलं सगळ्यात कमजोर होतं, आणि त्याच चक्रात २०१५ नि २०१६ ही तोवरची सगळ्यात उष्ण वर्षं ठरली.