समाजकार्य करायचंय? आधी अहवाल लिहा

विद्यार्थ्यांकडून समाजकार्याचा प्रकल्प करून घ्यायचाय ना? मग वस्तीत जायची घाई करू नका. आधी अहवाल उरकून घ्या. 'लाभार्थी : २००' एकदा टाइप झालं की मनाला स्वस्थता येते. प्रत्यक्ष जाऊन मग लिहायला बसलात, तर माणसं मोजावी लागतात.

काय करायचं हे तिथल्या लोकांना तर विचारूच नका. तुम्ही वृक्षारोपण ठरवून जाणार आणि ते तुंबलेल्या गटाराचं गाऱ्हाणं मांडणार. आणलेल्या रोपांचं काय करायचं? आमच्या वेळी एक आजी खड्ड्याशी येऊन म्हणाल्या, "पाणी कोण घालणार?" एका रोपाला अकरा जणांचे हात लागले होते, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी प्रसंगावधान राखलं. म्हटलं, "आजी, जरा मागे सरा, फोटोत येताय."

रॉजर हार्ट नावाच्या गृहस्थांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या ३ पायऱ्यांवर मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. त्याला ते सहभाग मानतच नाहीत. शोभेच्या पायरीसाठी त्यांनी मुलांना वाटलेल्या टी-शर्टांचं उदाहरण दिलंय. आम्ही ते ३ मापांत छापून घेतले होते. वर चढून पडण्यापेक्षा हे बरं.

संमतीपत्रावर सह्या मात्र घ्या. वाचून दाखवू नका, लोक शंका काढतात.

'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आलाच तर 'सर्व विद्यार्थी' लिहावं. एखाद्या पोराचं नाव लिहिलंत, तर सहा महिन्यांनी लोक त्याचं नाव घेत दारात उभे राहतील. 'आलेल्या अडचणी'पुढे 'वेळेचा अभाव'. यावर आजवर कुणी उलट प्रश्न विचारलेला नाही.

एवढं करूनही एखादी विद्यार्थिनी हाताबाहेर जातेच. आमची एक पंधरा दिवसांनी एकटीच परत गेली. आजींच्या ओट्यावर बसून गटाराचा अर्ज लिहून आणला; सोबत एक कागद, त्यावर अर्ज कोण नेणार, पाठपुरावा कोण करणार, कुठल्या तारखेला पुन्हा भेटायचं, सगळं नावांनिशी. स्वतःचंही नाव घातलेलं. शिवाय रोपं जळाली, ही आपली चूक अहवालात घालू या म्हणाली.

गुणपत्रिकेत याला रकाना नाही. मी तिला शांतपणे सांगितलं, "अगं, प्रकल्प गेल्या आठवड्यातच यशस्वी झालाय."