दहा दिवसांची सेवा आणि नगरची भिंत

जानेवारीतल्या एका रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सूप-ब्रेडचं जेवण होतं आणि जेवताजेवता एक बैठक. मी राहते ते ग्रँड रॅपिड्स, अमेरिकेतल्या पश्चिम मिशिगनमध्ये. डच वंशाच्या लोकांची इथे मोठी वस्ती आहे आणि चर्चही भरपूर. बैठकीचा विषय छोटासा होता. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतली, २४ वर्षांची एक शिक्षिका जूनमध्ये दहा दिवस हॉन्डुरासला जाणार होती. बारा जणांचा गट, एका खेड्यात शाळेची खोली बांधायची, माणशी खर्च २,२०० डॉलर. त्यातले निम्मे मंडळीने द्यावेत, असा तिचा अर्ज होता.

इकडे या गोष्टीची एक ठरलेली रीत आहे. जाणारा माणूस ओळखीच्यांना पत्रं पाठवतो, फ्रिजवर लावायला स्वतःचा फोटो असलेलं कार्ड देतो आणि प्रार्थनेची विनंती करतो. चेक चर्चच्या नावाने लिहायचा, माणसाचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर. ऐनवेळी तो गेला नाही तरी पैसे परत मिळत नाहीत, कारण करखात्याच्या दृष्टीने ते दान चर्चला असतं, त्या माणसाला नाही. निघायच्या आधीच्या रविवारी त्याला पुढे बोलावतात आणि चर्चचा कारभार पाहणारी वडीलमंडळी खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. या प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे दर वेळी भरून येतात. आपल्यातल्या एकाला सगळ्यांनी मिळून पाठवणं ही मोठी गोष्ट आहे, आणि पुढचं सगळं मी ते मानूनच लिहिते आहे.

मी मिशन कमिटीवर आहे. बैठकीत मी विचारलं, "तिथल्या मंडळीने आपल्याकडे काय मागितलंय?" कोणालाच सांगता येईना. गट नेणाऱ्या संस्थेने कार्यक्रम आखून दिला होता, तारखा आमच्या सुट्टीप्रमाणे ठरल्या होत्या. गावाने काही मागितलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

माझ्या डोळ्यांपुढे आली ती नगरची भिंत.

माझं बालपण अहमदनगरला गेलं. आता अहिल्यानगर म्हणतात. मी सातवी-आठवीत असताना परदेशातून पंधरा-वीस जणांचा एक गट आमच्या शाळेत आठवडाभर आला होता. आम्हाला चॉकलेटं मिळाली, आम्ही त्यांना गाणी म्हणून दाखवली आणि त्यांनी शाळेची मागची लांब भिंत रंगवली. भिंत चुन्याची, जुनी, ओल धरणारी. त्यांनी तिला निळा ऑइलपेंट दिला. आमच्याच मंडळीत एक रंगारी काका होते, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तेच शाळेला चुना द्यायचे. ते त्या आठवड्यात फाटकापाशी उभे राहून बघत होते. "चुन्यावर हा रंग धरायचा नाही," असं ते माझ्या वडिलांना म्हणाल्याचं मला आठवतं. पण पाहुण्यांना सांगणार कोण? इंग्रजी बोलणाऱ्यांना संकोच वाटत होता आणि काकांना इंग्रजी येत नव्हतं. पावसाळ्यात आतली ओल बाहेर पडायला वाट शोधू लागली आणि तळहाताएवढे निळे पोपडे सुटले. आम्ही मुली मधल्या सुट्टीत ते नखांनी सोलायचो. काकांनी नंतर पंधरा दिवस भिंत खरवडली, आणि दिवाळीची हक्काची मजुरी त्या वर्षी त्यांना मिळाली नाही, कारण "भिंत तर रंगवून झालीय" असं ठरलं होतं.

त्या पाहुण्यांच्या मनात खोट नव्हती. त्यातल्या एका बाईंनी निघताना माझ्या आईला मिठी मारली, तेव्हा दोघीही रडल्या होत्या. पण भिंत कशी रंगवायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्याला ठाऊक होतं तो फाटकाबाहेर उभा होता.

हॉन्डुरासची गोष्ट तर आमच्या इथल्या गावाला अगदी जवळची आहे. १९९८ साली मिच वादळाने त्या देशाची धूळधाण केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून कितीतरी गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक हे हॉन्डुरासमध्येच राहणारे समाजशास्त्राचे अध्यापक, आमच्याच ग्रँड रॅपिड्समधल्या कॅल्व्हिन कॉलेजचे (आता त्याला कॅल्व्हिन युनिव्हर्सिटी म्हणतात). त्यांनी नंतर त्या घरांची आणि गटांची पाहणी केली. गटाने जाऊन बांधलेल्या एका घराला, प्रवास धरून, सुमारे ३०,००० डॉलर पडले होते. तिथल्या ख्रिस्ती संस्थांनी बांधलेलं घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं. घर कोणी बांधलं यामुळे राहणाऱ्यांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. आणि जाऊन आलेल्यांच्या देणगीत, प्रार्थनेत, राहणीत जो बदल व्हायचा होता, तोही फारसा टिकला नव्हता. मी हे आकडे बैठकीत वाचून दाखवले. आमच्या गटाचा हिशेब २६,४०० डॉलर होत होता.

त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तो पाळक (पास्टर) आहे. धर्मांतराच्या कायद्यावरून घरी, म्हणजे भारतात, जी चर्चा चालू आहे, तिची झळ त्याला रोज लागते. चर्चेचा गोषवारा असा. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. त्या आधाराने पुढे आणखी राज्यांनी कायदे केले आणि त्यांत सगळा जोर 'आमिष' या शब्दावर आला. एका बाजूला, परदेशी पैशाने गरिबांना फूस लावली जाते, असा आरोप. दुसऱ्या बाजूला, आम्ही दोनशे वर्षं इथे शाळा-दवाखाने चालवतोय, आम्हाला परके का ठरवता, हा सवाल.

भाऊ मला म्हणाला, "ताई, तुमच्याकडचे लोक आठ दिवस येतात. वह्या वाटतात, प्रार्थना करतात, फोटो टाकतात आणि जातात. त्यानंतर चौकीत जबाब द्यायला मला बोलावतात. विमानात ते बसतात, बाकावर मी."

यावर मी काय बोलणार? माझं स्वतःचंच उदाहरण घ्या. माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकाला भारतात मिशनरी काम करायचं असेल तर सरकारची खास परवानगी लागते. गेल्या नाताळात माझ्या बालपणीच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं आणि आईशेजारी बाकावर बसून राहिले. ज्या वेदीपुढे माझा बाप्तिस्मा झाला तिथे उभं राहायला मी कचरले, याचं दुःख मला अजून आहे. पण भावाला पुन्हा चौकीत जावं लागलं असतं, तर ते दुःख मोठं होतं.

म्हणून मला दोन्हीकडच्या मंडळींशी भांडायचंय. घरी जे म्हणतात की बाहेरून आलेलं सगळंच फसवं, त्यांनी जरा नगरच्या इतिहासाकडे बघावं. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या एका चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानात पाठवलं. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. हॉल राहिले. मराठी शिकले, सहकाऱ्यांबरोबर बायबलच्या नव्या कराराचं मराठी भाषांतर केलं आणि १८२६ मध्ये नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेले. पुढच्या वर्षी सिंथिया फॅरार आल्या, एकट्या, अविवाहित. नगरची त्यांची मुलींची शाळा बघून जोतीराव फुल्यांना स्वतः शाळा काढायची उमेद आली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडे घेतले. मिस फॅरार १८६२ मध्ये वारल्या, त्या नगरलाच. माझी पणजी मिशनच्या शाळेत अक्षर ओळखायला शिकली. त्या शिकण्याला कोणी आमिष म्हटलं की मला फार लागतं.

पण इकडे जे दहा दिवसांच्या सहलीला त्याच परंपरेत बसवतात, त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे. हॉलना तेरा वर्षं लागली. फॅरारबाईंनी अख्खं आयुष्य दिलं. भाषा न शिकता, कोणाच्या घरचं मीठ न खाता, एका हातात वह्या आणि दुसऱ्या हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन जाणं मला मुळातच चुकीचं वाटतं. कायदा असो वा नसो. भुकेल्याला जेवण द्यायचं तर ते विनाअट द्यावं. आणि विश्वासाबद्दल बोलायचं तर ज्याला आपल्याला 'नको' म्हणता येतं, अशाच माणसाशी बोलावं. वह्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला 'नको' म्हणता येत नाही.

शिवाय हे आपल्या मोठ्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १९०५ च्या नाताळात श्रीरामपूरला (बंगालमधल्या) व्ही. एस. अझरायांसारख्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटी काढली ती भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार या तत्त्वावर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा भक्तांचा संघ काढला. ख्रिस्त आपलासा वाटायचा तर तो परक्या छत्राखाली राहून चालणार नाही, ही त्यांची तळमळ होती. आमच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत आजही कापणीच्या सणाला बायका ज्वारी, अंडी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका अंड्याला शंभर रुपये बोली लागलेली मी पाहिली आहे. त्या पैशातून पाळकाचं घर चालतं.

हे फक्त चर्चपुरतं आहे असंही नाही. इथल्या मराठी मित्रमंडळींची मुलं सुट्टीत पंधरा दिवस भारतातल्या एखाद्या आदिवासी पाड्यावर 'सेवे'ला जातात आणि कॉलेजच्या अर्जात त्यावर निबंध लिहितात. त्या पाड्यानेही ती मुलं मागितलेली नसतात. त्यांच्या आयांनाही मी हाच प्रश्न विचारते, आणि त्या माझ्यावर रागावतात.

बैठकीत मी 'पाठवू नका' म्हटलं नाही. मी म्हटलं, आधी पत्र पाठवा. पुष्कळ बोलणं झालं, काही जण दुखावले. ती शिक्षिका मात्र शांतपणे ऐकत होती. शेवटी पत्र लिहायचं ठरलं आणि ते तिनेच लिहिलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, स्पॅनिशमध्ये, वहीच्या एका पानावर. माझ्या वॉर्डमधल्या ग्वाटेमालाच्या सहकारी नर्सने ते वाचून सांगितलं. खोली बांधायला गावात गवंडी आहेत, फक्त छपराच्या पत्र्यांना पैसे कमी पडतायत. शिक्षिका यायची असेल तर एकटी येऊ दे, दोन महिने राहू दे, आमच्या बाईंच्या घरी. पहिलीच्या वर्गात चाळीस मुलं आहेत आणि बाई एकच. आणि तिला आमची भाषा थोडी तरी यायला हवी.

मंडळीने पत्र्यांचे पैसे पाठवले. बाकीचा गट यंदा गेला नाही. ती पुढच्या वर्षी जाणार आहे. दर मंगळवारी संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसते, समोर माझी सहकारी. मी पोळ्या लाटते आणि त्या दोघी फळ्यावर काय लिहायचं, मुलांना गप्प कसं करायचं, पोट दुखतंय का असं कसं विचारायचं, हे पुन्हापुन्हा म्हणतात. तिचे उच्चार अजून कच्चे आहेत.