बोडीवर (छोट्या तळ्यावर) रातभर दिवे लावून मासोळी दुप्पट होत नाही

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मत्स्यपालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'शेततळ्यावर रात्रभर एलईडी लावा, मासे चोवीस तास खातात. सोबत खाद्यातून भुकेचं हार्मोन द्या, वजन दुप्पट.'

दिव्याची गोष्ट नॉर्वेतल्या सालमनची आहे. तिथे हिवाळ्यात पिंजऱ्यांवर उजेड ठेवतात तो मुख्यतः मासे लवकर अंड्यावर येऊ नयेत म्हणून. आपल्याकडे डिसेंबरातही दिवस पावणेअकरा तासांचा असतो. थंडीत रोहू-कटला खात नाहीत ते अंधारामुळे नव्हे. पाणी 20 अंशांखाली गेलं की त्यांचं खाणं घसरतंच.

मेसेजवाल्यांचा दावा: 'उजेडाने मेलाटोनिन (अंधारात तयार होणारं हार्मोन) दबतं, म्हणून भूक वाढते.' पहिला अर्धा भाग बरोबर. पण रात्री खाऊ घातलेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो, आणि बोडीत तो सूर्योदयाआधी सगळ्यात कमी असतो. बल्बच्या उजेडावर शेवाळ काही ऑक्सिजन भरून देत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मेसेजवाले त्यालाच भूक म्हणतात! ती घुसमट असते. तेव्हा ढेप टाकली तर ती तळाशी कुजते, ऑक्सिजन आणखी उतरतो, आणि सकाळी मेलेली मासोळी तरंगताना दिसते. अशा वेळी खाद्य बंद, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) किंवा ताजं पाणी सुरू.

हार्मोनचं म्हणाल तर घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन प्रथिनासारखं असतं, तोंडावाटे दिलं की पचून जातं. प्रयोगांत ते टोचतात. ओव्हाप्रिम हे इंजेक्शन प्रजननासाठी आहे, मिथाइल टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन तिलापियाची पिल्लं नर करण्यासाठी. भुकेसाठी दोन्ही नाहीत. उलट कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन भूक मारतं आणि ते आपणच वाढवतो: जाळं ओढून, गर्दी करून, अमोनिया साचू देऊन. जाळं ओढल्यावर एक दिवस खाद्य देऊ नका.

रोज ठरलेल्या वेळी दिलं की मासे त्या वेळेआधीच जागेवर जमू लागतात, त्याला वीजबिल लागत नाही. 200 ग्रॅमचे 1000 मासे म्हणजे 200 किलो. वजनाच्या अडीच टक्क्यांनी दिवसाला 5 किलो खाद्य. शेंगदाण्याची ढेप आणि कोंढा समसमान भिजवून भोकं पाडलेल्या पोत्यात भरा, पोती बांबूला टांगा. निम्मं सकाळी दहाला, निम्मं चारला. दोन तासांनी पोत्यात उरलं तर दुसऱ्या दिवशी पावपट कमी करा. श्रावणात सलग ढगाळ असलं तर निम्मंच, आणि पहाटे मासे वर आले त्या दिवशी काहीच नाही.