रोज शंभर अर्ज टाका म्हणे! नोकरदाराचे सल्ले कॉन्ट्रॅक्टरच्या माथी कशाला?

आयटीतल्या कॉन्ट्रॅक्टर लोकांत, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांत, एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. "मार्केटचं रडगाणं बंद करा, स्किल असेल तर कॉन्ट्रॅक्ट मिळतंच. रोज शंभर अर्ज टाका, जेडीतले (जाहिरातीतल्या कामाच्या वर्णनातले) सगळे कीवर्ड सीव्हीत भरा, रेट (मोबदल्याचा दर) पाडा, गॅप (दोन कामांमधला रिकामा काळ) लपवा, आणि इंटरव्ह्यूत काहीही विचारलं तरी येतं म्हणून सांगा." मला तो एकाच आठवड्यात तिघांनी पाठवला, आणि मी तेव्हा बेंचवर, म्हणजे कामाविना, पाचव्या महिन्यात होते त्यामुळे राग जरा जास्तच आला असेल, पण राग बाजूला ठेवून वाचलं तरी त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला भलत्याच माणसासाठी आहे. नोकरदाराला कंपनी भरती करते, कॉन्ट्रॅक्टरला विकत घेते. एका अडलेल्या कामापुरतं, ठराविक महिन्यांसाठी, प्रोजेक्टच्या बजेटमधून. एवढं डोक्यात ठेवलं तरी मेसेजची निम्मी हवा जाते.

आधी ते "मार्केट वाईट नाही". मार्च २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा व्याजदर शून्याला टेकलेला होता, जुलै २०२३ मध्ये तो सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांत गेला. पैसा महाग झाला की "बघू तरी करून" टाइपचे प्रोजेक्ट आधी उडतात, आणि नेमके तेच प्रोजेक्ट कॉन्ट्रॅक्टरच्या जिवावर चाललेले असतात. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११,००० लोक कमी केले, गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२,०००, मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात १०,००० जाहीर केले, आणि हे सगळे पगारी कर्मचारी बरं का, आपलं एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ, आलं नाही तर त्याला कोणी ले-ऑफ म्हणत नाही, आपण नुसते "रोल ऑफ" होतो. वर यातले कितीतरी जण मिळेल ते काम म्हणून आपल्याच लायनीत येऊन उभे राहिले. अमेरिकेत एजन्सीमार्फत तात्पुरतं काम करणाऱ्यांची संख्या, म्हणजे सगळ्या क्षेत्रांची, नुसती आयटीची नाही, २०२२ च्या वसंतापासून पुढची दोन वर्षं घसरत गेली आणि त्याच काळात एकूण नोकऱ्या मात्र वाढत होत्या. मग काय, सगळ्यांचं स्किल एकदमच गंजलं का?

आता शंभर अर्ज. हा सल्ला सगळ्यात घातक, कारण इथे जास्त मेहनत केली की जास्त नुकसान होतं. मोठे क्लायंट कॉन्ट्रॅक्टर थेट घेत नाहीत, मधे व्हेंडर मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे एजन्सींकडून माणसं मागवायचं सॉफ्टवेअर, असते, एकच रिक्वायरमेंट, म्हणजे एका जागेची मागणी, पाच-सात एजन्सींना एकदम जाते आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक एजन्सीला मोजकेच सीव्ही टाकता येतात. मग त्या पाचही एजन्सी तेच काम आपापल्या नावाने, क्लायंटचं नाव लपवून, थोडी भाषा बदलून जाहीर करतात. तुम्हाला दिसतात पाच जॉब, असतो एक. तुम्ही पाचही ठिकाणी अप्लाय करता, दोन एजन्सी तुमचं नाव पुढे ढकलतात, क्लायंटकडे डबल सबमिशन दिसतं, आणि एजन्सींचं भांडण कोण निस्तरणार म्हणून बऱ्याचदा दोन्ही सीव्ही बाहेर. तुम्हाला कळतही नाही का ते. मी स्वतः अशी एक जागा घालवलीय, तीही माझ्या हातखंडा कामाची, आणि हे मला सहा महिन्यांनी तिथल्याच एकाकडून कळलं. तेव्हापासून साधी शीट ठेवते: क्लायंट, रिक्वायरमेंट, कुठल्या एजन्सीला लेखी परवानगी दिली, कुठल्या तारखेला. क्लायंटचं नाव सांगितल्याशिवाय सबमिट करायला हो म्हणायचं नाही, तोंडी तर नाहीच. आणि "सध्या अजून कुठे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत" असं एजन्सीवाल्याने गोड आवाजात विचारलं तर ते तुमच्या काळजीपोटी नसतं, तिथे त्यांची माणसं घुसवायला लीड हवी असते. रेफरन्सचे नंबर पहिल्याच फोनवर मागितले तरी तेच.

बरं मग अर्ज नाही तर काय? ओळखी, पण आपल्याला वाटतात त्या नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की त्या माणसाला तुम्ही कितपत भेटायचात, तर नेहमी भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगांतूनही साधारण तेच दिसलं, मध्यम कच्च्या ओळखी सगळ्यात जास्त कामी येतात. कारण सरळ आहे, रोजच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. कॉन्ट्रॅक्टरकडे तर अशा ओळखींचा साठा असतो, दर सहा-आठ महिन्यांनी नवी टीम! जुन्या टीमलीडला "काही असेल तर सांगा" असं पाठवू नका, त्याला काय शोधायचं तेच कळत नाही. "अमुक मायग्रेशन मी तुमच्याकडे केलं होतं, तसलंच काम अमुक तारखेपासून घेऊ शकते" असं पाठवा, ते त्याला जसंच्या तसं पुढे ढकलता येतं.

कीवर्डचं थोडक्यात. एटीएस (ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) म्हणजे काही राक्षस नाही, ते मुख्यतः अर्ज साठवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर आहे, योग्य शब्द नसतील तर शोधात सापडणार नाही हे खरं. पण त्यापुढे माणूसच वाचतो, आणि किती वेळ? द लॅडर्स या नोकऱ्यांच्या साइटने २०१८ मध्ये रिक्रूटरच्या नजरेचा माग घेतला तर पहिल्या चाळणीला सरासरी ७.४ सेकंद निघाले. एवढ्यात चाळीस टेक्नॉलॉजींची यादी दिसली तर "सगळ्यातलं थोडं थोडं" एवढंच समजतं. पहिल्या अर्ध्या पानात शेवटच्या दोन कॉन्ट्रॅक्टमध्ये काय अडलं होतं आणि तुम्ही काय सोडवलंत हे आलं पाहिजे, बस.

रेट पाडा, यावर मी पूर्ण विरोधात नाही. हिशोब करा. वर्षाच्या बारा महिन्यांत २० टक्के कमी रेटने आजच सुरू केलं तर ९.६ महिन्यांचे पैसे होतात. म्हणजे जुन्या रेटचं काम २.४ महिन्यांच्या आत मिळणार असेल तर थांबणं फायद्याचं, त्याहून लांबणार असेल तर पाडणं फायद्याचं. पाचव्या महिन्यात बसून मी "रेट कमी करणार नाही" म्हणत होते तो निव्वळ हट्ट होता, कबूल. पण पाडायचाच तर कशाच्या बदल्यात ते ठरवा: लांब मुदत, लवकर पेमेंट, किंवा तीन महिन्यांनी रेट बघू हे लेखी. नाहीतर एक्स्टेन्शनला तोच पाडलेला रेट चिकटतो. आणि तुम्ही सोडलेला पैसा क्लायंटपर्यंत पोचतोच असं नाही, पुष्कळदा तो एजन्सीच्या मार्जिनमध्ये मुरतो, म्हणून क्लायंटला किती बिल लावणार हे विचारायला लाजू नका.

गॅप लपवा? गॅपचा फटका बसतो हे खोटं नाही. अमेरिकेत अर्थतज्ज्ञांनी जवळपास १२,००० बनावट सीव्ही पाठवून बघितलं होतं (२०१३ चा पेपर), बेकारीचे महिने वाढतील तसे कॉल कमी होत गेले, मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत. म्हणून लोक तारखा ओढून ताणून बसवतात आणि बॅकग्राउंड चेकला सापडतात, मग मिळालेलं कामही जातं. आपल्या धंद्यात दोन कामांच्या मधे जागा असणारच हो! "मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेव्हापासून उपलब्ध, या काळात अमुक शिकले" एवढं एका ओळीत लिहायचं आणि त्यावर माफी मागत बसायचं नाही.

आणि ते "सगळं येतं म्हणून सांगा". हे कदाचित दहा वर्षांपूर्वी खपलं असेल. जून २०२२ मध्ये एफबीआयने जाहीर इशारा दिला की रिमोट टेक जॉबच्या इंटरव्ह्यूत लोक डीपफेक (एआयने बनवलेला खोटा चेहरा-आवाज) आणि दुसऱ्यांची चोरलेली वैयक्तिक माहिती वापरतायत. त्यात भर प्रॉक्सी इंटरव्ह्यूची, म्हणजे उमेदवाराच्या जागी दुसऱ्यानेच दिलेल्या, आणि स्क्रीनच्या बाजूला एआय उघडून वाचून दाखवणाऱ्यांची. त्यामुळे समोरचा आता संशयानेच बसलेला असतो, आणि प्रत्येक प्रश्नाला गुळगुळीत उत्तर आलं की तो संशय वाढतो. मी टेबलाच्या त्या बाजूलाही बसलेय, आम्ही मुद्दाम विचारायचो की "यात तुमचं काय चुकलं होतं?" खरं काम केलेल्या माणसाकडे त्या प्रश्नावर दहा मिनिटं बोलायला असतं, बाकीचे "आम्ही टीम म्हणून" सुरू करतात.

कॉन्ट्रॅक्टरला विकत घेणाऱ्याला तुमचं पाच वर्षांनंतरचं स्वप्न नकोय, पहिल्या दोन आठवड्यांत काय हाती लागेल ते हवंय, म्हणून प्रश्न तुम्हीच विचारायचे: आधीच्या माणसाने काम कुठे सोडलं, निर्णय कोण घेतं, पहिली डेडलाइन कधी. शेवटी जे कॉन्ट्रॅक्ट मिळालं त्याच्या इंटरव्ह्यूत जेडीतल्या एका टूलबद्दल मी सरळ म्हटलं, वापरलेलं नाही, त्याच्या जवळचं अमुक वापरलंय, आठवडा लागेल. आणि विचारलं की ॲक्सेस मिळायला तुमच्याकडे किती दिवस लागतात. मॅनेजर हसला, म्हणाला दोन दिवस. एकोणीस लागले, तोवर ते टूल शिकून झालं होतं.