बग सापडू नये यासाठी टेस्टिंग कसं करावं

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सगळ्यात मोठी कटकट कसली असेल तर बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडण्याची. सापडला की तो लिहा, डेव्हलपरला पटवा, रिलीज पुढे ढकला, आणि वर मीटिंगमध्ये सगळे तुमच्याकडे असे बघणार की जणू तो तुम्हीच घातलाय. हे टाळता येतं. टेस्ट भरपूर लिहायच्या, रोज चालवायच्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, ठेवायच्या. फक्त त्यातल्या एकीनेही तोंड उघडता कामा नये.

इनपुटपासून सुरुवात करू. वयाच्या रकान्यात १८ ते ६० चालतं असं रिक्वायरमेंटमध्ये लिहिलं असेल, तर ३५ टाका. पुढच्या टेस्टमध्ये ४०, त्याच्या पुढच्या २८. तिन्ही आकडे एकाच गटातले, त्यामुळे पहिली पास झाली की उरलेल्या दोन होणारच. टेस्टची संख्या मात्र तिप्पट दिसते. १७, १८, ६० आणि ६१ यांच्या वाटेला जाऊ नका. 'पेक्षा मोठं' आणि 'तेवढंच किंवा मोठं' यांची गल्लत नेमकी तिथे उघडी पडते. रकाना रिकामा सोडणं, आकड्याआधी स्पेस देणं, २९ फेब्रुवारी ही जन्मतारीख टाकणं, हा सगळा आगाऊपणा. नावात इमोजी तर चुकूनही नको. मायएसक्यूएल या डेटाबेसची अक्षरं साठवायची जुनी 'यूटीएफ८' पद्धत एका अक्षराला फार तर ३ बाइट देते, इमोजीला लागतात ४. डेटाबेसचा स्ट्रिक्ट, म्हणजे कडक तपासणीचा, मोड चालू असेल तर एरर येते, नसेल तर नाव तिथेच तुटतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मग ४ बाइटवालं 'यूटीएफ८एमबी४' करा म्हणून सांगत फिरणार कोण?

कव्हरेज ८० टक्के हवं, अशी वरून मागणी येईल. घाबरू नका. कव्हरेज फक्त टेस्टमध्ये कोडच्या कुठल्या ओळी चालल्या ते मोजतं. उत्तर बरोबर आलं का, हे ते विचारत नाही. प्रत्येक फंक्शन त्यातली प्रत्येक ओळ चालेल असं बोलवा आणि असर्ट, म्हणजे उत्तर तपासणारी ओळ, लिहूच नका. १०० टक्केही जमेल. रिव्ह्यूमध्ये कुणी असर्टचा आग्रह धरलाच, तर 'निकाल नल (रिकामा) नाही' एवढं तपासा. बिलाची रक्कम उणे आली तरी ती नल नसतेच. धोका एकच, म्युटेशन टेस्टिंगचा. जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर ही टूल्स कोडमधली बेरीज मुद्दाम वजाबाकी करतात आणि एखादी टेस्ट फेल होते का ते बघतात. तुमची होणार नाही. त्यामुळे 'टेस्ट आपोआप चालवणारी पाइपलाइन फार स्लो होईल' म्हणून तो विषय वेळीच मोडीत काढा. ते खरंही आहे, म्हणून कुणी वाद घालत नाही.

मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी बसवलेला नकली भाग, हे तर वरदानच. डेटाबेस मॉक करा, पेमेंट गेटवे मॉक करा, घड्याळसुद्धा मॉक करा. शेवटी टेस्ट एवढंच तपासते की तुम्ही मॉकला जे बोलायला शिकवलं तेच तो बोलला. याला थोर परंपरा आहे. एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाआधी संपूर्ण यंत्रणेच्या चाचण्या झाल्या, पण त्यांत रॉकेटची दिशा सांगणारी खरी यंत्रणा नव्हती, तिच्या जागी सिम्युलेटर होता. तिच्यातलं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून उचललेलं, तिथे ते चाललं होतं, मग पुन्हा कशाला बघायचं? ४ जून १९९६ ला नव्या रॉकेटच्या आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटी आकडा १६ बिटी पूर्णांकात मावला नाही आणि ती यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, म्हणून तीही त्याच कारणाने बंद पडली. जेमतेम ४० सेकंदांत खेळ आटोपला.

आता फ्लेकी टेस्ट. कधी पास, कधी फेल. हिच्या मुळाशी गेलात तर फसलात, कारण तिथे बहुधा रेस कंडिशन (दोन कामांत आधी कोण, ही शर्यत), दोन टेस्टनी वाटून घेतलेला डेटा नाहीतर टाइमझोन सापडतो. त्यापेक्षा दोन रीट्राय लावा, म्हणजे फेल झालेली टेस्ट आपोआप आणखी दोनदा चालेल. दहात एकदा येणारा खरा बग आता तीनदा लागोपाठ यावा लागेल, म्हणजे हजारात एकदा. एवढी दाबून टाकायची ताकद एका कॉन्फिगच्या ओळीत! बटण दिसेपर्यंत थांबणारा एक्स्प्लिसिट वेट लिहू नका. टेस्टला सरळ ५ सेकंद थांबवणारा स्लीप ठोका. २०० टेस्टमध्ये एकेक स्लीप म्हटला तरी जवळपास पावणेसतरा मिनिटं नुसती झोपेत जातात, चहा निवांत होतो, आणि सर्व्हरला सहावा सेकंद लागला की टेस्ट तरीही पडतेच. पहिल्या टेस्टने बनवलेला यूजर दुसरीने वापरावा, म्हणजे क्रम बदलायची किंवा टेस्ट पॅरलल चालवायची कुणाची छाती होणार नाही. इतकं करूनही एखादी ऐकत नसेल तर तिला स्किप करा आणि शेजारी 'नंतर बघू' अशी कमेंट टाका.

चुकून बग सापडलाच तर रिपोर्टमध्ये 'चालत नाही' एवढंच लिहा. स्टेप्स, बिल्ड नंबर, ब्राउझरचं व्हर्जन, अपेक्षित काय आणि झालं काय, यातलं काही देऊ नका. सिव्हिरिटी, म्हणजे बगचं गांभीर्य, क्रिटिकल. सगळ्यांचीच.

राहता राहिलं शिक्षण. आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या फाउंडेशन परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात, २६ बरोबर आले की पास. सिलॅबस फुकट मिळतो, तरीही डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करा. टेस्टिंगची सात तत्त्वं घोकताना 'त्याच त्या टेस्ट चालवत राहिलं की त्यांना नवे बग सापडेनासे होतात' हेही येईल. ते उत्तरपत्रिकेपुरतं ठेवा, आपल्याला तर तेच हवंय. ऑटोमेशनच्या सरावासाठी सॉस डेमो नावाचं नकली दुकान आहे. तिथे 'प्रॉब्लेम यूजर' हे लॉगिन मुद्दाम बिघडवून ठेवलंय: सगळ्या वस्तूंना एकच चित्र, आणि चेकआउटला आडनाव भरताच येत नाही. तुम्ही 'स्टँडर्ड यूजर'नेच आत जा, एक बॅग विकत घ्या, आणि ती स्क्रिप्ट 'ई-कॉमर्स फ्रेमवर्क, स्वतः विकसित' म्हणून रेझ्युमेत टाका.