वॉटरप्रूफ म्हणे! कुठल्या पाण्यात, सांग ना

डोकं फिरलंय आज. तीन फुटी रीफ टँक आहे माझा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला फिश टँक, सव्वादोन वर्षं पोरासारखा सांभाळलाय, आरओचं पाणी, मीठ वजन करून, सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास, रोज संध्याकाळी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून बसतो म्हणून घरचे हसतात. आणि या सगळ्याची वाट कोणी लावली, तर रुपयाच्या नाण्याएवढ्या एका मॅग्नेटने.

फ्रॅग रॅक घेतला होता, कोरलचे तुकडे ठेवायला आतून काचेला मॅग्नेटने लावतात तो. पाकिटावर ठळक अक्षरात वॉटरप्रूफ, रीफ सेफ. दुकानदाराला दोनदा विचारलं, मिठाच्या पाण्यात चालेल ना, तर "काय नाय होत दादा, कोटिंग आहे." कोटिंग आहे! अरे कोटिंग माझ्या स्कूटरला पण आहे, चार पावसाळ्यांनंतर बघ जा तिच्याकडे.

साडेतीन महिन्यांनी रॅकखाली काचेवर तपकिरी ओघळ. मला वाटलं डायटम, ते तपकिरी शेवाळ असतं ना, पुसला आणि विसरलो, ही माझी चूक, मान्य. मग टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडायला लागल्या, क्लीनर श्रिंप गेला, हॅमर कोरल आत ओढून बसलं. मासे मात्र ठणठणीत, म्हणून तर कळेना काय चाललंय. शेवटी रॅक काढला, कोपऱ्यातलं प्लास्टिक नखाने उचकटलं तर आत काळी ओली मिश्री. मॅग्नेट नावाला पण नाही, नुसती मिश्री, दोन दिवस बोटावरून जाईना.

मग वाचत बसलो. निओडायमियम मॅग्नेट म्हणजे निम्म्याहून जास्त लोखंडच, वर निकेल, मधे तांबं, परत निकेल, आणि सगळं मिळून जाडी किती तर साधारण 15-20 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा पातळ! ठिसूळ तर इतकं की दोन मॅग्नेट धाडकन एकमेकांवर आपटले की कडेचा टवका उडालाच, तिथून मीठ शिरतं, गंज फुगतो आणि उरलेलं कोटिंग आतून फोडतो. गंजाचं एक वेळ ठीक, फार तर शेवाळ माजेल, पण ते तांबं! माशांना औषध म्हणून जेवढं तांबं देतात ना, तेवढ्यात गोगलगायी, श्रिंप, कोरल सगळे मरतात. पाण्यातलं तांबं तपासायच्या कॉपर किटमध्ये रंग आलाच. आता ते शोषायला कार्बन टाका, पाणी बदला, मीठ काय फुकट येतं का.

आणि सल्ले देणारे तर विचारूच नका. एक म्हणतो नेलपेंट मार. दुसरा म्हणतो ग्लू गनने भर, अरे साधं निओडायमियम 80 डिग्रीच्या वर गेलं की ताकद जायला लागते, आणि तो गोंद वर चिकटतो कुठे नीट, सालासारखा निघतो. तिसरा बाथरूमचं सिलिकॉन सुचवतो, बुरशीनाशक घातलेलं! गोगलगायी उरल्यात त्या पण मारू का?

शेवटी स्वतःच करायला घेतलं. पीव्हीसीची एंड कॅप, आत अॅसिटोनने पुसलेला मॅग्नेट, वरून दोन भागांचं इपॉक्सी, सगळ्या बाजूंनी निदान तीन मिलिमीटर. पण जाडी वाढली की पकड ढासळते, म्हणून मॅग्नेट मोठा घ्या, मोठा घेतला की तो जागेवर राहत नाही. पहिल्या रात्री ओट्यावर पेपर टाकून दोन सुकायला ठेवले, वीतभर अंतर सोडून, शहाणपणा म्हणून. सकाळी एक पेपरसकट आईच्या लोखंडी तव्याला चिकटलेला, इपॉक्सी दगड झालेलं. त्या दिवशी चपात्या नाहीत, आणि आई मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतरचे सहा नीट झाले. आठवडाभर सुकवले, मग टँकमध्ये न टाकता बाल्कनीत मिठाच्या पाण्याच्या बादलीत, महिनाभर राहू दे म्हटलं, रोज काढून पांढऱ्या फडक्याने पुसून बघतो. आज एकोणिसावा दिवस. सकाळी पुसला तर चार नंबरच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका. घ्या!