अश्वशक्ती की हलकेपणा : गोमंतकीय ग्राहकाला चार हिताच्या गोष्टी

वाचकहो, आपल्या हाती पैसा आला आहे, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. तो कोठून आला हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. पूर्वजांनी राखलेले भाट, म्हणजे माडांची बाग, विकून आला असो की समुद्राकाठचे जुने घर परराज्यातील कोणा हौशी माणसाला देऊन आला असो, तो प्रश्न आपला आणि आपल्या भावंडांचा आहे. पैसा आला की स्पोर्ट्स कार आली, आणि स्पोर्ट्स कार म्हटली की माणूस एका जुन्या पेचात सापडतो : पावणेदोन-दोन टन वजनाची, चारशे-पाचशे अश्वशक्तीची, गुरगुरणारी बलदंड गाडी घ्यावी, की शक्ती बेताची असली तरी अंगाने सडपातळ आणि वळणावर चपळ अशी हलकी गाडी घ्यावी? हा पेच सोडवण्याचा अधिकार मला आहे, कारण या दोहोंपैकी एकही गाडी घेण्याची माझी ऐपत नाही आणि त्यामुळे माझे मत पूर्णपणे निःपक्षपाती आहे.

प्रथम बलदंड पक्ष पाहू. या पक्षाचे तत्त्वज्ञान एका आकड्यात मावते. फोर्डची मस्टँग २०१६ साली भारतात आली तेव्हा तिच्यात पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे, सुमारे चारशे अश्वशक्तीचे इंजिन होते आणि दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत ६५ लाख रुपये होती. याहून मोठी भूक असणाऱ्यांसाठी बुगाटीने २००५ साली व्हेरॉन आणली : सोळा सिलिंडर, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती आणि ताशी ४०७ किलोमीटर वेग. त्या वेगाने धावताना तिची शंभर लिटरची टाकी बारा मिनिटांत रिकामी होते, असे सांगतात. पुढचे गणित कोणताही विक्रेता करून देत नाही, म्हणून मी करतो. बारा मिनिटांत होतात सुमारे ८१ किलोमीटर. म्हणजे भल्या पहाटे गोव्याच्या उत्तर सीमेवरील पात्रादेवीच्या नाक्यावर टाकी भरून आपण दक्षिणेकडे निघालात, आणि वाटेत एकही गाय, सायकलवरचा एकही पोदेर (पाववाला) व भाड्याच्या गाडीतला रस्ता चुकलेला एकही पर्यटक आडवा आला नाही, तर गाडी कुंकळ्ळीच्या आसपास कोठेतरी पेट्रोलवाचून उभी राहील. दक्षिण सीमेवरील पोळे गावचा नाका काही दिसणार नाही. अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या राज्यात, हे राज्यही एका टाकीत पार न करू शकणारी गाडी आपल्या दारात असणे, यापरता मान कोणता? पणजीच्या अटल सेतूची ५.१ किलोमीटर लांबी ती पाऊण मिनिटात संपवील. त्यानंतर मेरशीच्या चौकात किती वेळ उभे राहावे लागेल, हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले नसते.

हलक्या गाडीचा पक्ष याहून विद्वान आहे, आणि त्याची अडचणही नेमकी तीच आहे. या संप्रदायाचे मूळपुरुष कॉलिन चॅपमन. त्यांनी १९५२ साली इंग्लंडात लोटस कंपनी काढली. शक्ती वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवले की ती सगळीकडेच वेगवान होते, असे त्यांचे मत सांगितले जाते. मत खोटे नाही, हे मी नाइलाजाने मान्य करतो. गाडी वळवायची म्हणजे तिच्या वस्तुमानाला दिशा बदलायला लावायची, आणि हे काम रस्त्याला टेकलेले टायरचे चार तळव्यांएवढे तुकडे करत असतात. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या अंगातली सगळी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता करून जिरवायची. ती ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. यांपैकी एकाही कामात अश्वशक्ती कवडीची मदत करत नाही. उलट वजन कमी केले की लहान इंजिन पुरते, लहान ब्रेक पुरतात, अरुंद टायर पुरतात, आणि त्यामुळे वजन आणखी कमी होते. कर्जाच्या व्याजाचे जसे चक्र असते तसेच हे, फक्त उलट्या दिशेने फिरणारे. १९९६ सालची लोटस एलिस ॲल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे ७२५ किलोत बसली. कॅटरहॅम नावाच्या दुसऱ्या एका इंग्रज कंपनीने तर ४४० किलोची गाडी काढली. तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे, ८४ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि दारे नाहीत.

अशा गाडीसाठी गोव्यात रस्तेही आहेत. चोर्ला घाट आहे, बाळ्ळीहून काणकोणला उतरताना लागणारा करमल घाट आहे. दोहोंची वळणे अशी की पाहूनच हलक्या पक्षाच्या माणसाचे हात शिवशिवावेत. मात्र चोर्ल्याच्या त्या वळणांवर आपल्या पुढे बेळगावची भाजी घेऊन येणारा टेम्पो असतो, आणि त्याचा वेग तोच आपला वेग. टेम्पो नसेल तेव्हा गवा असतो. गवा हा आपला राज्यप्राणी. पूर्ण वाढलेला नर आठशे-नऊशे किलोचा सहज भरतो, म्हणजे दोन कॅटरहॅमांइतका, आणि वाट सोडण्याची त्याला कसलीच घाई नसते. वस्तुमान कमी असण्याचे फायदे त्याच्यासमोर उभे राहून आठवून पाहावेत.

पण हे सारे गौण आहे. खरी कसोटी घाटात नाही, घराच्या सोप्यावर आहे. गाडी आल्याच्या दिवशी शेजारपाजारचे लोक आणि थोरले काका सोप्यावर येऊन बसतील. बलदंड गाडी घेतली असेल तर काका विचारतील, "किती हॉर्सपॉवर रे?" आपण म्हणाल, "चारशे." काका मान डोलावतील, चहा येईल, विषय देवळाच्या वार्षिक जत्रेकडे वळेल. हलकी गाडी घेतली असेल तर आपण म्हणाल, "चौऱ्याऐंशी, पण काका, वजन पाहा." काका म्हणतील, "आणि दारे कुठे आहेत?" आपण म्हणाल, "दारे काढल्यामुळेच वजन कमी झाले." यावर काका थोडा वेळ विचार करून म्हणतील, "मग दारांचे पैसे त्यांनी कमी केले की नाही?" येथून पुढे आपल्याला न्यूटनपासून सुरुवात करावी लागेल, आणि चहा निवून जाईल.

तेव्हा निवडीचा माझा निकष साधा आहे. ज्याला बोलण्याचा कंटाळा आहे त्याने बलदंड गाडी घ्यावी. ती त्याच्या वतीने बोलते, आणि पहाटे साडेपाचला सुरू केली तर सगळ्या वाड्याशी बोलते. ज्याला श्रोते हवे आहेत त्याने हलकी घ्यावी. ती जन्मभराचे व्याख्यान पुरवते. ज्याला केवळ व्याख्यान हवे आहे आणि पैसे वाचवायचे आहेत, त्याने माझदाच्या एमएक्स-५ ची बाजू घ्यावी. १९८९ साली आलेली ही छोटी उघडी गाडी सुमारे एक टनाची आहे, २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख प्रती बनल्या, जगभरचे जाणकार तिचे गुण गातात आणि भारतात ती विकतच नाहीत. जी गाडी घेताच येत नाही तिची बाजू जितक्या निर्धास्तपणे मांडता येते, तितकी दुसऱ्या कशाचीही मांडता येत नाही.

ओघात आठवले म्हणून सांगतो : हलकेपणाच हवा असेल तर त्याचा मानकरी आपल्या गावातच आहे. १९८३ साली आलेली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची, म्हणजे एलिसपेक्षाही हलकी. चॅपमन यांचा सिद्धांत आपल्या कोठारात तांदळाच्या पोत्यांशेजारी वर्षानुवर्षे उभा होता आणि आपण त्याच्या टपावर आमसुले सुकत घालत होतो. हलक्या पक्षाचे लोक मात्र तिच्याकडे पाहून नमस्कार करताना मला कधी दिसले नाहीत.

आता फेरीबोट. नदीपलीकडे सासुरवाडी असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. भरतीच्या वेळी फेरीबोटीची फळी धक्क्याशी जवळजवळ सपाट असते. ओहोटीला तीच फळी असा कोन करते की साधी गाडीसुद्धा आधी आकाशाकडे आणि मग पाण्याकडे पाहते. स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीपासून जेमतेम बारा-चौदा सेंटीमीटर. माझ्या एका स्नेह्याची बलदंड गाडी रायबंदरच्या धक्क्यावर अशीच मधोमध टेकली : पुढची चाके बोटीवर, मागची गोव्याच्या भूमीवर आणि शेकडो अश्व हवेत. तिला बोटीवर चढवले ते सहा माणसांनी आणि चोडणच्या एका म्हाताऱ्याच्या सूचनांनी. हलकी गाडी असती तर तीन माणसे पुरली असती, हे मात्र तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण हलक्या गाडीत आपण इतके खाली बसलेले असतो की बोटीवर शेजारच्या स्कूटरचा सायलेन्सर कानाशी येतो आणि मासळीवालीची पाटी नाकाशी; पलीकडचा किनारा येईपर्यंत बांगडे ताजे आहेत की कालचे, याविषयी आपले मत पक्के झालेले असते.

चतुर्थीचा प्रश्न याहून बिकट. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या आराशीला, नारळाची पेंड (घोस), सुपारीचे घड, तवशी, आंबाडे आणि तोरिंजन लागते, आणि हे सारे बाजारातून घरी आणावे लागते. बलदंड गाडीच्या मागच्या सीटवर माणूस बसत नाही, पण नारळाची पेंड कशीबशी बसते. हलक्या गाडीला मागची सीटच नसते. चित्रशाळेतून गणपती आणायचा तर तो शेजारच्या आसनावरच विराजमान करावा लागेल. मूर्ती तीस किलोची, तिला मांडीवर धरून बसणारा पुतण्या पन्नास किलोचा. पावणेदोन टनांच्या गाडीला या ऐंशी किलोंची जाणीवही होत नाही, पण ४४० किलोच्या गाडीचे वजन तेवढ्याने अठरा टक्क्यांनी वाढते. बनवणाऱ्याने ग्रॅम ग्रॅम करून वाचवलेला हलकेपणा गणराय एका क्षणात वसूल करतात. विघ्नहर्त्याला वजन कमी करण्याची विनंती करणे कोणत्याच पंथाला परवडणारे नाही.

राहता राहिला पाऊस. येथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात रुंद टायर पाण्यावर तरंगू पाहतात, चिऱ्याची तांबडी माती रस्त्यावर वाहून येते, चामड्याच्या आसनांवर बुरशी धरते, उघड्या टपाच्या गाडीत बेडूक संसार थाटतो. त्यामुळे बलदंड असो वा चपळ, शहाणा मालक जूनच्या पहिल्या आठवड्यात बॅटरीची तार सोडवतो आणि गाडी झाकतो. झाकताना ती नारळाखाली नाही ना, एवढे मात्र पाहावे. पाडेलीची वाट न पाहता नारळ आपणहून खाली येतात, आणि ॲल्युमिनियम व पोलाद यांत ते भेद करत नाहीत. झाकण्यासाठी निळी ताडपत्री म्हापशाच्या बाजारात मिळते. मे महिन्यातच घ्यावी, पुढे भाव चढतो. दुकानदार गाडीची लांबी आणि रुंदी विचारतो. हे दोन आकडे तेवढे कागदावर लिहून न्यावेत.